एकाच गाडीनं

संस्थेच्या अध्यक्षांनी मला उशिरा आलेल्या पोरांच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "हात पुढं."

मी शिक्षक. बी.एड. झालेला. सोलापुरातल्या त्या खाजगी शाळेत लागून मला दुसराच महिना होता. मंद्रूपहून येणारी आमची एसटी वडकबाळच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली होती. वाटलं, साहेब थट्टा करतायत. हात पुढं केला. त्यांनी लाकडी पट्टी ताडकन हाणली. "गावाकडचं वळण मोडायला एवढं लागतंच," म्हणाले आणि चहाला गेले. पोरं खाली मान घालून उभी होती.

मी हात मागं घेतला नाही. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

बी.एड.ला असताना मी मित्रांशी भांडायचो. म्हणायचो, मारल्याशिवाय शाळा चालते, मी चालवून दाखवीन. सुरुवातीला पोरांसाठी पिशवीभर गोष्टीची पुस्तकं न्यायचो. एकदा गर्दीत पिशवी फाटली, पुस्तकं पायांखाली गेली. दुसऱ्या दिवशी नुसता डबा घेऊन निघालो. हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तीन वर्षं गेली. एसटीत जाताना तास, येताना तास. नोकरी कायम करायच्या प्रस्तावावर अध्यक्षांची सही बाकी. मी पळायला शिकलो. सैफुलच्या थांब्यावर उतरलो की गाडीतल्या पोरांना मागं टाकून धावत सुटायचो. फाटक बंद व्हायच्या आत हजेरीपटावर सही ठोकायचो. मग साहेबांनी पट्टी माझ्याच हातात दिली. "तुमच्याच भागातली पोरं. तुम्हीच सरळ करा."

मी केली. माझ्याच गाडीतून उतरलेली पोरं दप्तरं सांभाळत पाच मिनिटांनी यायची. मी धापा टाकत त्यांना झोडायचो. सवय लागली. कधीकधी बरंही वाटायचं.

आठवीतली एक मुलगी होती, आमच्याच गावची. रोज खिडकीतून दप्तर टाकून जागा धरायची आणि म्हणायची, "बसा की सर." त्या दिवशीही बसलो. ती तासभर उभी राहिली. मग फाटकापाशी तिनं हात पुढं केला आणि मी मारलं. एक. दोन. करंगळीचं पेर फुटलं. रक्त आलं.

ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, आपण एकाच गाडीनं आलो की."

तक्रार नव्हती. गणित सुटत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं तिनं. माझी मलाच किळस आली.

मागून साहेब म्हणाले, "थांबला का? अजून दोन."

"नाही मारणार."

"मग कायम व्हायचं विसरा." ते पुढं आले, पट्टी ओढायला लागले. मी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं. ते फाटकावर आदळले. चष्मा खाली पडला. माझा पट्टीचा हात वर गेला. तोंड फोडायचं होतं त्यांचं. पण हात बरोब्बर रोजच्याच उंचीवर थांबला होता. मनगटाला सगळं पाठ होतं. तेव्हा कळलं, हा हात आता कुणावरही उठू शकतो. मी पट्टी टाकून दिली.

मुलीला दवाखान्यात नेलं. तिच्या वडिलांना फोन केला. ते आले आणि आधी माझ्या थोबाडीत मारली. मग आम्ही तिघं पोलीस चौकीत गेलो.

हवालदारांनी विचारलं, "कुणाविरुद्ध तक्रार?"

मी म्हणालो, "आधी माझ्याविरुद्ध. मग अध्यक्षांविरुद्ध."

"नोकरी जाईल की हो, सर."

"लिहा."

नोकरी गेली. परवा साहेबांचा निरोप आला. तक्रारीतून मी त्यांचं नाव काढायला लावलं तर मला परत कामावर घेतील, प्रस्तावावर सहीही करतील.

नाव निघणार नाही. त्यांचंही नाही, माझंही नाही. कोर्टात विचारतील, कुणी मारलं? मी सांगणार आहे, मी मारलं. यांनी मारायला लावलं. दोघांनाही शिक्षा द्या.