अक्काने कोरी ठेवलेली जागा

दुपारचे तीन वाजले आहेत. चॅपेलच्या शेवटच्या बाकावर मी टेकले आहे आणि डोळे जड होत आहेत. चॅपेलची किल्ली सांभाळणाऱ्या ओदेतबाई बाहेर पायऱ्या झाडताहेत. झाडूचा आवाज जवळ येतो, लांब जातो, परत जवळ येतो.

फ्रान्समधल्या या लहानशा खेड्यात माझी थोरली बहीण, इंदुअक्का, अठ्ठावीस वर्षं राहिली. जुन्या भिंतींवरची चित्रं दुरुस्त करायची. हे पडायला आलेलं चॅपेल तिचं शेवटचं काम. ते पुरं झालं आणि डिसेंबरात अक्का गेली. आजारपणात ती फोनवर 'ये' म्हणायची आणि मी 'शाळेच्या परीक्षा होऊ देत' म्हणायचे. बेळगावहून मी निघाले ती आत्ता, जूनमध्ये.

झाडूचा आवाज थांबतो.

"थोडी सरक, शैले. उजेड अडतोय."

अक्का परांचीवर बसली आहे. हातात बारीक ब्रश, केस आजाराआधीसारखे दाट.

"जेवलीस का?"

"विमानात थोडं."

"ते काय जेवण."

ती खाली उतरते तेव्हा वेदीच्या जागी आमच्या बेळगावच्या स्वयंपाकघरातला ओटा आहे. दूध वर येतंय, येतच राहतंय, पण सांडत नाही. खिडकीत शेजारच्यांचं धुणं दिसायला हवं, तर सूर्यफुलांचं शेत दिसतं. सगळी फुलं आमच्याकडे तोंड करून उभी. मला त्यात काही वावगं वाटत नाही. अक्का गॅस बारीक करते, इतकंच.

ओट्यामागच्या भिंतीवर एक संतीण आहे. निळा झगा, हातात दिवा. चेहऱ्याच्या जागी नुसता चुन्याचा साधा गिलावा.

"हिचा चेहरा का नाही काढलास?"

"कसा होता ते कुणालाच ठाऊक नाही. गेलेलं आपल्या मनानं भरायचं नसतं. कडा तेवढ्या पक्क्या करायच्या, म्हणजे उरलेलं गळत नाही."

मी खूप वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघते. मग विचारते, "अक्का, माझ्यावर रागावली होतीस?"

ती ब्रश पुसते.

"वाट बघितली. फाटकाशी गाडी थांबली की उठून बसायचे. बहुतेक वेळा पाववाला असायचा."

"मी यायला हवं होतं."

"हो," अक्का म्हणते. "यायला हवं होतंस."

तिच्या आवाजात राग नाही. तो असता तर बरं झालं असतं.

"आता राहू मी इथे? थोडे दिवस?"

"राहा की. ओदेतला सूप चांगलं जमतं." ती माझं मनगट धरून मला उठवते. हात गार आहे. "चल, ऊन आहे तोवर सगळं नीट बघून घे."

"तू दाखव ना."

"माझं इथलं झालं, शैले."

मी डोळे उघडते. समोर वेदी आहे, वेदीच आहे. ओदेतबाई झाडू घेऊन शेजारी उभ्या आहेत आणि माझ्या मनगटाकडे बोट दाखवताहेत. त्यावर चार बोटांचे पांढरे ठसे, खाली अंगठ्याचा.

ओदेतबाई भिंतीला तळवा लावून बघतात. तळवा स्वच्छ, कोरडा. मग खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरतात.

मी मान हलवून नको म्हणते. पदराला लागू नये म्हणून हात अंगापासून दूर धरून तशीच बसून राहते. चुना अजून ओला आहे.