बॅटरीचा सोमवार

आमच्यात सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. पेरणी अडली तरी माझ्या सासऱ्यांनी सोमवारी औत धरलं नाही. पुढं ट्रॅक्टर आला, बैल विकले, गोठा रिकामा पडला. तोवर तलवाड्याच्या बाजारात जगातली कुठलीही वस्तू मिळू लागली होती. दुपारची वीज तेवढी मिळत नव्हती.

माझ्या मालकांना दमा होता. दुपारी वाफेचं मशीन लागायचं आणि नेमकी तेव्हाच लाइन जायची. म्हणून शहरात राहणाऱ्या मुलानं गोठ्याच्या पत्र्यावर सोलरच्या पाट्या बसवल्या आणि आत लिथियमची बॅटरी आणि तिची वीज घरात सोडणारा इन्व्हर्टर ठेवला. आधीची पाण्याची बॅटरी माझ्यामुळं गेली होती. तिच्यात पाणी घालायचं मी विसरायचे. ही नवी टिकवायचीच, असं मी ठरवलं.

ती बैलांच्या जागेवर होती, म्हणून मी तिला बैलांचाच नियम लावला. दर सोमवारी पाट्यांकडचा खटका खाली पाडायचा आणि मंगळवारी वर करायचा. त्या दिवशी मालक सकाळी लाइन असतानाच वाफ घेऊन टाकत. "पोळ्याला हिला झूल घाल," असं ते म्हणायचे. मी लक्ष दिलं नाही.

उन्हाळ्यात लेकीच्या घरी लग्न निघालं. आम्ही दोघं युसूफ वडगावला गेलो. निघालो तो सोमवार होता आणि खटका पाडलेला होता. मी तो तसाच ठेवला. सुट्टी मिळतीय तर चांगली मिळू दे, असं वाटलं. तिथं महिनाभर राहिलो.

परत आलो त्या दुपारी लाइन गेली. मशीन लावलं तर आवाज नाही. गोठ्यात जाऊन खटका वर केला, तरी बॅटरीवरचा एकही दिवा लागला नाही. मालकांच्या छातीत शिट्टी वाजत होती. तोंडानं ओढायच्या पंपावर त्यांनी कशीबशी संध्याकाळ गाठली. मी स्वयंपाक केला, पण जेवले नाही. दुसऱ्या दिवशीची दुपार कशी निघणार, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी बीडहून मिस्त्री आला. पन्नाशीचा, बोलायला सावकाश माणूस. खटका कुणी पाडला होता, हे त्यानं विचारलं. मालकांनीच सोमवारचं सगळं सांगून टाकलं. मिस्त्री हसला नाही, याचं मला बरं वाटलं. त्यानं झाकण काढलं, मीटरच्या सुया लावून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, मेली न्हाई ही. लई उपाशी राहिली, म्हणून आतून कडी लावून बसलीय."

बॅटरी फक्त पाट्यांवर भरायची आणि त्या बंद होत्या, पण इन्व्हर्टर चालूच होता. घरात कुणी नसताना महिनाभर तोच तिला पीत बसला होता. मिस्त्रीनं आपला लहान चार्जर लावला. एकदम जास्त वीज द्यायची नाही, म्हणाला. तासाभरानं हिरवा दिवा लागला.

मग त्यानं सांगितलं, ते मी नात सुट्टीत विसरून गेलेल्या वहीत लिहून घेतलं. हिला सुट्टी लागत नाही, रोज थोडं काम बरं. रोज गळ्यापर्यंत भरायची नाही आणि तळ दिसेपर्यंत वापरायचीही नाही. तेवढं त्यानं इन्व्हर्टरमध्येच लावून दिलं. गावाला जाताना अर्ध्याच्या जरा वर ठेवायची आणि इन्व्हर्टरही बंद करायचा. पत्र्याखाली ठेवायची नाही. ऊन हिला सोसत नाही.

त्यानं आणि मालकांनी मिळून ती माझ्या धान्याच्या खोलीत आणली, कारण तिथं गारवा असतो. मला ज्वारीच्या कणग्या हलवाव्या लागल्या. एरवी मी भांडले असते.

दुपारी लाइन गेली. मशीन घरघरायला लागलं. मालकांनी वाफ घेतली आणि थोड्या वेळानं छातीतली शिट्टी थांबली.

"सोमवारी काय करायचं मग?" त्यांनी विचारलं.

"तुमी श्वास घ्या," मी म्हणाले, आणि आदल्या दिवशीची भाकरी काढून जेवायला बसले.