कापसाची परीक्षा

डहाणूत बांगड्यांचे साचे घडवणारे एक गृहस्थ प्रत्येक धार कापसाने तपासतात. त्यांच्या मुलाचा मी शाळेतला शिक्षक; पन्नाशीत इलेक्ट्रिक गिटार शिकताना माझी बोटे सोलवटली, तेव्हा दोष हाताचाच मानून मी शिकणे सोडणार होतो. आपल्या कारखान्यात त्यांनी गिटारच्या दांडीवरून कापूस फिरवला; धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या टोकांना तंतू अडकले.

“सर, हात बरोबर आहे तुमचा. या पट्ट्याच चावतात.”

बारीक कानशीने त्यांनी एकेक टोक गोल केले. तिसऱ्या खेपेस कापूस अलगद निसटला, तेव्हाच त्यांची मान हलली.

“आता वाजवा.”

“इथे? लोकांसमोर?”

“मग काय, मी वाजवू?”

त्यांनी साचे कोरण्याचे खडखडते यंत्र बंद केले. मी दोनदा चुकलो, पण प्रथमच कुणासमोर शेवटपर्यंत वाजवले. ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला ते म्हणाले, “आमच्या सरांचा हात आहे हा.”