विल्नियसच्या बसला कंडक्टर नसतो

दारं बंद झाली. दारांचा हिरवा दिवा लागला. आरशात रस्ता मोकळा दिसत होता. गिअर टाकलेला होता. आणि बस जागची हलेना.

बसमध्ये काहीही बिघाड नव्हता. ब्रेकवरचा पाय मीच उचलत नव्हतो. बाहेर बर्फ पडत होता, आत पंचवीस-तीस माणसं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसली होती. कुणी चकार शब्द काढला नाही. हुबळीत एव्हाना मागून चारजणांनी तरी विचारलं असतं, "अण्णा, झोप लागली काय?" इथं फक्त समोरच्या स्क्रीनवरचा वेळेचा आकडा हिरव्याचा लाल झाला. म्हणजे मी लेट.

मग माझ्या लक्षात आलं, मी कशाची वाट बघतोय ते. मी बसूअण्णाच्या शिट्टीची वाट बघत होतो. आणि बसूअण्णा, माझा जुना कंडक्टर, तिकडं हुबळीजवळच्या अमरगोळात होता.

मी मिलिंद. हुबळीच्या नवनगरचा. धारवाड-अळणावर लाईनवर बरीच वर्षं बस चालवली. मग एका एजन्सीमार्फत लिथुआनियाची राजधानी विल्नियस इथं सिटी बसचा ड्रायव्हर म्हणून आलो. तिकडं ड्रायव्हर कमी पडतात, म्हणून बाहेरून माणसं बोलावतात. भाषेचा क्लास केला, तिथलं लायसन नव्याने काढलं, बर्फावर बस घसरली तर काय करायचं ते एका मोकळ्या मैदानात शिकलो. थंडीची भीती सगळ्यांनी घातली होती. थंडीचं काही वाटलं नाही. घरं गरम असतात, बस गरम असते, मधल्या अंतरात माणूस पळतो. जड गेली ती शांतता. शेजारी लिफ्टमध्ये भेटतो, मान हलवतो, संपलं. मी शेंगा चटणीसाठी मिरच्या भाजल्या तेव्हा स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म बोंबलला. त्या दिवशी शेजारी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "आग?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "जेवण." तो गेला.

तर मुद्दा कंडक्टरचा. विल्नियसच्या बसला कंडक्टर नसतो. लोक कुठल्याही दारातून चढतात, मशीनला कार्ड लावतात, बसतात. चिल्लर नाही, भांडण नाही, "पुढं सरका की" नाही. दारं उघडायची, बंद करायची, मागं कोण आहे बघायचं आणि निघायचं, हे सगळं ड्रायव्हरनेच. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आपल्याकडं काय असतं? ड्रायव्हर पुढं बघतो. कंडक्टर मागं बघतो. माणसं चढली-उतरली की तो शिट्टी मारतो, दारावर थाप मारतो आणि ओरडतो, "रैट!" म्हणजे सगळं ठीक आहे, चल. त्या आवाजावर पाय आपोआप उठतो. डोक्यापर्यंत बातमी जातही नाही. ट्रेनिंगमध्ये हे उघडं पडलं नाही, कारण शेजारी माझा ट्रेनर विदास बसायचा आणि दर स्टॉपला त्यांच्या भाषेत "निघू या" म्हणायचा. माझ्या पायाने त्यालाच शिट्टी समजून घेतलं होतं. विदास उतरला, मी एकटा पडलो, आणि पाय बसला वाट बघत.

पहिल्या आठवड्यात मी रोज लेट. डेपोच्या मॅनेजर दालियाबाईंनी बोलावलं. त्या आवाज चढवत नाहीत. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडं वळवला आणि विचारलं, "ट्रॅफिक नव्हता. मग प्रत्येक स्टॉपवर काय होतं?" मी कंडक्टरला मिस करतोय, हे त्यांना कसं सांगणार? मी म्हटलं, सुधारतो.

सुधारलो तो भलतीकडंच. दारं बंद झाली की लगेच सुटायला लागलो. वेळ जमली. पण एका बाजारच्या स्टॉपवर मागचं दार एका आजीच्या पिशवीवर बंद झालं. दाराच्या रबराला सेन्सर असतो, जाड काही अडकलं की दार परत उघडतं. तसं ते उघडलं. आजीला काही झालं नाही. पण पिशवीतली बीटं बर्फात घरंगळत गेली आणि तिने ऑफिसला फोन केला. मी उतरून बीटं गोळा करून दिली होती. तेही तिने सांगितलं, पण तक्रार ती तक्रारच.

आता प्रकरण गंभीर झालं. माझी नोकरी प्रोबेशनवर होती. राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी पक्की झाली तरच बायको सुजाता आणि मुलगी प्रज्ञा यांचे कागद पुढं सरकणार. सुजाता नवनगरातल्या शाळेत शिकवते. तिने नोटीस देऊन ठेवली होती, आणि प्रज्ञाच्या शाळेत दाखल्यासाठी विचारलं होतं. रोज फोनवर एकच प्रश्न: "दाखला काढू का नको?" मी रोज म्हणायचो, थांब जरा. बीटं घरंगळली त्या दिवशी तिला काहीच सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुमचा आवाज बरा नाही." मी सर्दीवर ढकललं. मला भयंकर भीती वाटत होती. चांगली हाताशी असलेली लाईन सोडून आलो होतो. परत गेलो तर अख्खं नवनगर विचारणार, काय झालं? आणि काय सांगू, मला दार लावता येईना?

विदासने सांगितलं, पुढच्या आठवड्यात तो एक दिवस माझ्या बसमध्ये तपासायला येणार. मग दालियाबाई ठरवणार, मला ठेवायचं की नाही.

अडला हरी म्हणत मी बसूअण्णाला फोन करायचं ठरवलं. आणि काय निघालं? माझ्याकडं त्याचा नंबरच नव्हता. इतकी वर्षं रोज एका बसमध्ये, एका डब्यातलं जेवलो. नंबरची गरजच पडली नव्हती. तो रिटायर झाला, मी हार घातला, विषय संपला. शेवटी हुबळी डेपोतल्या एकाने नंबर काढून दिला.

इथं एक सांगायला हवं. ड्रायव्हरला एक मिजास असते. गाडी आपण चालवतो, कंडक्टर तिकिटं फाडतो, असं आपलं मनात असतं. मी बसूअण्णाला तोंडावर चिडवायचो, तुम्ही मागं आरामात उभं राहता, घाम आमचा निघतो. तो कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायचा आणि हसायचा.

फोनवर त्याने आधी तब्येत विचारली, मग बर्फ विचारला, मग तिकडं जोंधळ्याची भाकरी मिळते का ते विचारलं. मी मुद्द्यावर यायचा प्रयत्न केला की तो परत भाकरीवर. शेवटी म्हटलं, "अण्णा, दार लावून निघायचं कसं, ते सांगा."

मग तो इतका हसला की खोकला लागला.

"इतकी वर्षं गाडी चालवलास," तो म्हणाला, "आणि हे आता विचारलालास?"

"तेव्हा तुम्ही होता की."

"हां. हे आता बरोबर बोललास."

मग त्याने सांगितलं. माणसांच्या तोंडाकडं बघायचं नाही. तोंड फसवतं. एकजण दारात उभा राहून बोलत असतो, त्याला चढायचंच नसतं. दुसरा गप्प असतो आणि शेवटच्या क्षणी उडी मारतो. पाय मात्र खोटं बोलत नाहीत. ज्याला चढायचंय त्याची टाच उचललेली असते. म्हणून आधी पाय. मग हात, कारण माणूस उतरला तरी हात दांड्यावर असतो. मग पिशवी, कारण हात सुटला तरी पिशवी आतच असते.

"मी तोंडातल्या तोंडात म्हणत होतो," तो म्हणाला. "काल, कै, चील. पाय, हात, पिशवी. तिन्ही झालं की शिट्टी. तुला वाटलं मी मागं झोप काढतोय."

"मग शिट्टीचं काय करू? माझा पाय शिट्टीशिवाय उठत नाही."

"तूच म्हण की रे, रैट. मोठ्यानं म्हण. तिथं कन्नड कुणाला कळतंय?"

दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. प्रत्येक स्टॉपला आरशात खालून वर बघायचं. काल, कै, चील, रैट. पहिल्या दिवशी माझीच मला लाज वाटली. पुढच्या सीटवरच्या माणसाने एकदा कानातला इअरफोन काढून माझ्याकडं बघितलं आणि परत घातला. पण पाय उठला. "रैट" म्हटलं की उठायचाच. आवाज माझा असला तरी चालतंय त्याला. दोन-तीन दिवसांत आकडा हिरवा राहायला लागला.

मग विदास आला. मधल्या दाराजवळ उभा राहिला. सकाळची गर्दी, रस्त्यावर बर्फाचा चिखल. पहिले स्टॉप झकास गेले. नदीवरचा पूल ओलांडून हॉस्पिटलच्या स्टॉपला आलो तेव्हा सिग्नलमुळे थोडा लेट होतो. माणसं चढली. बाबागाडी घेऊन एक बाई मधल्या दाराने आत आली. दार बंद. हिरवा दिवा. स्क्रीनवरचा आकडा लाल. मनात आलं, आज सगळं राहू दे, सूट.

पण तोंड आपलं काम करत होतं. काल.

आरशात पाय दिसले. चार. इतके छोटे की चिखलाचे गोळेच वाटावेत. बाईचा कुत्रा बाहेर फुटपाथवरच राहिला होता. त्याचा पट्टा बंद दारातून आत, बाईच्या मनगटाला. दोरी इतकी बारीक की सेन्सरला कळलीच नाही. मी निघालो असतो तर काय झालं असतं, ते लिहीत नाही.

दार उघडलं. बाईने खाली बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने कुत्र्याला उचलून छातीशी धरलं. बसमध्ये कुणी काही बोललं नाही. आपल्याकडं हा विषय धारवाडपर्यंत पुरला असता, आणि दोघांनी कुत्र्याला बिस्कीट दिलं असतं. इथं एका म्हाताऱ्याने माझ्याकडं बघून टोपीला हात लावला, एवढंच. मी परत सुरुवात केली. काल, कै, चील, रैट.

शेवटच्या स्टॉपला विदास पुढं आला. त्याने विचारलं, "तू सारखं काय पुटपुटतोस? प्रार्थना?"

मी सांगितलं. पाय, हात, पिशवी.

"आणि शेवटचा शब्द?"

"ती शिट्टी. आमच्या बसमध्ये मागं एक माणूस असतो."

विदासने बाहेर बर्फाकडं बघितलं. विचार करताना ते लोक असेच खिडकीबाहेर बघतात. "हॉस्पिटलला तू एक मिनिट लेट निघालास," तो म्हणाला.

"हो."

"बरोबर केलंस." आणि उतरून कॉफी प्यायला गेला. तिकडच्या हिशोबाने हा सत्कारच झाला. नंतर कळलं, नव्या ड्रायव्हरांना तो आता सांगतो, तपासणी आपापल्या भाषेत मोठ्याने बोलून करा.

नोकरी पक्की झाली. दालियाबाईंनी हात मिळवला, तोही आवाज न करता. मी पायऱ्या उतरता उतरताच सुजाताला फोन लावला आणि म्हटलं, दाखला काढ. ती रडली. मग म्हणाली, सर्दी झालीय.

उन्हाळ्याच्या तोंडावर दोघी आल्या. सुजाताने बॅगेतून भाकऱ्या काढल्या, चटणी काढली, आणि रुमालात गुंडाळलेली एक शिट्टी काढली. बसूअण्णा स्वतः नवनगरात येऊन देऊन गेला होता. वर निरोप: "गाडीत वाजवू नको म्हणावं, लोक भितील. घरात ठेव."

दोन दिवसांनी दोघी माझ्या बसने घरी आल्या. आमच्या स्टॉपला उतरल्या. मी आरशात बघितलं. दोन जोड पाय, नव्या बुटांत. सुजाताचा हात प्रज्ञाच्या हातात. पिशवी खांद्याला. सगळं बाहेर, सगळं ठीक. तरी रैट म्हणायचं सोडून मी आरशात त्यांच्याकडंच बघत राहिलो. तेवढ्यात फुटपाथवरून शिट्टी वाजली. प्रज्ञाने खिशातून आणली होती. अख्ख्या बसने फोनमधून डोकी वर काढली, आणि माझा पाय आपोआप उठला.

आता सुट्टीत हुबळीला आलो की परदेशी निघालेली पोरं विचारायला येतात: स्वेटर कुठला घ्यावा, तांदूळ किती न्यावा. मी सांगतो, स्वेटर तिकडंही मिळतात. इथं इतकी वर्षं तुमच्या मागं कोण उभा होता, त्याचा नंबर घेऊन जा.