वाळ्याची रोपं आणि जळालेला टेम्पो

शेजारी कोंबडा जाळावर धरला की जळक्या पिसांचा वास येतो आणि मला नवापूरच्या नदीकाठचा तो रविवार आठवतो. गल्लीतले आम्ही दहा-पंधरा जण दर रविवारी काठावरची वाळू धान्याच्या चाळणीने चाळून काचा आणि प्लॅस्टिक वेचायचो, आणि काठाची माती धरून राहावी म्हणून वाळ्याची रोपं लावायचो. त्या सकाळी एक टेम्पो सरळ रोपांवर चढला आणि ड्रायव्हर मेलेल्या कोंबड्यांची पोती पाण्यात लोटू लागला. धुणं धूत बसलेली म्हातारी ओरडली, "हाई नदी शे का तुन्हा उकिरडा?" तो म्हणाला, "मालकनी सांगेल शे, मी काय करू?" तिने हातातली मोगरी त्याच्या खांद्यावर हाणली आणि आम्हाला तेवढंच निमित्त पुरलं. आम्ही फावड्याच्या दांड्यांनी, लाथांनी त्याच्यावर तुटून पडलो. डोकं फुटलेला तो माणूस रक्ताळल्या हातांनी कान झाकून पाण्यात बसला, तरी आमचे दगड थांबले नाहीत. मग कुणीतरी काडी ओढली. टायर फुटले, पोती पेटली, टाकीतलं डिझेल जळत उतारावरून वाळ्यात आणि पुढे पाण्यात गेलं. म्हातारी आता आमच्याकडे बघून कपाळ बडवत होती, "अरे, तुम्हीच नदी जाळी टाकी!" दुपारी मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. अजूनही मी दर रविवारी काठाच्या त्या जळून काळ्या पडलेल्या तुकड्यात वाळा लावते आणि तो दर वेळी मरतो. माझ्यासोबत येणाऱ्या कुणालाच मी सांगितलेलं नाही, की काडी मीच ओढली होती.