मुलीच्या डोक्यावरची शपथ

देवीवर माझी श्रद्धा होती की नुसती भीती, हे मला त्या आठवड्यापर्यंत कधी नीट कळलंच नव्हतं. माझ्या लहानग्या तनूला ताप चढला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साथीचा ताप आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. मी मान डोलावली. पण ताप कशाचा आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते डॉक्टरांना सांगायची सोय नव्हती.

मखमलाबादकडे आमचा झेंडू-शेवंतीचा लहानसा मळा आहे. मिस्टर पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचे आणि दुपारी पिऊनच परत यायचे. सगळ्यांचं समजावून झालं. शेवटी आमच्याकडे बायका करतात तेच मी केलं. त्यांना सप्तशृंगीच्या गडावर नेलं आणि देवीसमोर तनूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ‘पुन्हा प्यालो तर हिचं वाईट होईल’ हे शब्दही माझेच, त्यांनी फक्त म्हटले. बापाचा जीव पोरीत आहे, आता कसे पितात बघते, असं मला वाटलं. फार शहाणी समजत होते मी स्वतःला!

थोडे दिवस त्यांनी पाळलंही. हात थरथरायचे, घामाने बनियन भिजायचं, घास घशाखाली उतरत नव्हता. मग एका दुपारी ते आले आणि दारातच वास आला. त्याच आठवड्यात तनू तापली.

मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसायचे आणि नवऱ्याची पावलं वाजली की देवीचं नाव घ्यायचे. ते आत आले की तनू दोन्ही हातांनी डोकं झाकून घेते, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मी विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, “पप्पांनी आज पण घेतलीये ना? मग मी कधी मरणार गं आई?” गडावर ती सगळं ऐकत होती आणि तेव्हापासून एकटीच भीत होती. मी मात्र देवीच्या कोपाला भीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी तिला सासूबाईंजवळ ठेवून मी पंचवटीतल्या देवीच्या देवळात गेले. ओटी भरली. “मला काय करायचं ते कर, पण पोरीवरची शपथ सोडव,” हे मी मोठ्याने बोलले असणार, कारण मागच्या बाईंनी माझा दंड धरला आणि मला बाहेर पायरीवर बसवलं. त्या मनमाडच्या, लेकीकडे आलेल्या. मालक रेल्वेतून रिटायर झालेले. मी त्यांना नवऱ्याच्या पिण्यापासून तनूच्या तापापर्यंत सगळं सांगून टाकलं.

“शपथ देवीनं मागितली व्हती का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही. मीच घातली.”

“मग तिच्या नावावर कशाला खपवते? माय कधी लेकराचं वाईट करती का? आमच्या मालकांनी लय शपथा खाल्ल्या. पोरांच्या खाल्ल्या, मारुतीच्या खाल्ल्या. शपथेनं नाय सुटत ती. आजार हाय तो.”

मग त्यांनी सांगितलं, की पिणारे आणि पिणं सोडलेले एकत्र बसतात, आपापलं बोलतात, कुणी कुणाला बोल लावत नाही. त्यांचे मालक तिथेच सुधारले. “पण आधी डॉक्टरला दाखव. एकदम तोडली की जिवावर बेततं,” असंही बजावलं. भाजीबाजारामागच्या गल्लीतून नेऊन त्यांनी मला एका शाळेचं फाटक दाखवलं. संध्याकाळी तिथल्या एका खोलीत ही माणसं बसतात. मी त्या बाईंचं नावसुद्धा विचारलं नाही. देवीच आली होती असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी त्या माझ्याच मागे उभ्या होत्या, एवढं खरं.

घरी आले तर मिस्टर तनूच्या उशाशी बसलेले. हातातला शेवटचा लगामही सोडला तर हे उघड उघड पितील, अशी धास्ती होती. तरी मी तनूसमोरच त्यांना म्हणाले, “अहो, गडावरची शपथ मी परत घेते. तनूचा त्याच्याशी काही संबंध नाही.”

तनूने पांघरुणातून तोंड काढलं. “म्हणजे आता पप्पा प्यायले तरी मी मरणार नाही?”

पोर हे मनात घेऊन झोपत होती, याची त्यांना कल्पनाच नव्हती. तिच्या पांघरुणात तोंड खुपसून ते हमसून हमसून रडले. मग मी त्यांना देवळातल्या बाईंचं आणि शाळेतल्या त्या खोलीचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “कुठंय ती शाळा?”

तनूचा ताप डॉक्टरांनी सांगितला होता तसाच उतरला. मिस्टरांनी आधी डॉक्टरांचे उपचार घेतले, मग एका संध्याकाळी आम्ही त्या फाटकापाशी गेलो. बाजारातलं कुणी भेटेल म्हणून ते मागे वळले. “जा हो, तुम्हाला माझी...” इतकं माझ्या तोंडून गेलंच, आणि मी जीभ चावली. मग म्हटलं, “मी इथेच आहे.” ते पुन्हा फाटकाकडे वळले आणि आत गेले.

मधे एकदा त्यांचा पाय घसरला, पण दुसऱ्या दिवशी आपणहून तिथे जाऊन बसले. आजही त्यांना यायला उशीर झाला की वाटतं, पुन्हा घेतली असेल. तेव्हा मी देवीपुढे दिवा लावते. ती बाई भेटली याचे उपकार मानते, आणि म्हणते, आई, माझ्याने त्यांना धरून ठेवणं झालं नाही, आता तूच सांभाळ. परवा असाच उशीर झाला. दिवा लावून बसले होते, इतक्यात मोटारसायकल दारात थांबली आणि तनू दोन्ही हात पसरून त्यांच्याकडे धावत गेली.