कुत्र्याच्या नावाची एकच किल्ली

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या किल्लीवाल्याला कुणी वेळ विचारली तर तो आधी ‘कशाला?’ म्हणतो आणि मग घड्याळ बघतो. दुकानाला कुलूप लावलं की ओढून पाहतो, चार पावलं जाऊन परत येतो आणि पुन्हा ओढतो. मी एकदा विचारलं, अहो, स्वतःच्या हातावर भरवसा नाही का तुमचा? तर म्हणाला, हातावर आहे, कुलपावर नाही. कुलपं किती सहज उघडतात ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्हाला झोप लागते.

किल्ली कापताना तो गिऱ्हाइकाकडे पाठ करतो. कापलेली किल्ली कुलपात फिरवून पाहिल्याशिवाय देत नाही. कुलूप सोबत आणलं नसेल तर घरी येऊन लावून बघतो आणि त्या घरात कोण कोण राहतं तेही बघून घेतो. माणूस वाईट नाही. पण त्याच्याशी घटकाभर बोललं की आपणच कुठेतरी हात मारून आलोय असं वाटायला लागतं.

पूर्वी दुकानात त्याचा धाकटा भाऊही बसायचा. एका गिऱ्हाइकाचं घर कुलूप न फोडता साफ झालं, आणि किल्ली ह्यांच्याच दुकानात कापलेली निघाली. थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली की धाकट्याने एक जादा कापली असणार. त्याने ते तोंडावर म्हटलं. धाकटा आपली कानस पिशवीत घालून निघून गेला आणि बाजारापलीकडे पुलाजवळ त्याने स्वतःची टपरी टाकली. पुढे चोर सापडला, त्या गिऱ्हाइकाचा सख्खा भाचा. मी म्हटलं, आता तरी भावाला बोलवा. तर म्हणे, सापडला तो एक, न सापडलेले किती असतील? असल्या माणसाशी काय वाद घालणार? मी जिना चढून वर आले.

अशा घरात त्याच्या बायकोने एका सकाळी कुत्रा आणला. तांबूस, मध्यम वयाचा, एक कान पडलेला. दारात सापडला, एवढंच म्हणाली. त्याच संध्याकाळी किल्लीवाला माझ्याकडे आला, दार लावून घेतलं, खिडकीही लावली आणि म्हणाला, “बाई, एक नाव पाहिजे.”

मी जन्मभर कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवला, हे त्याला ठाऊक होतं. त्याला जुन्या पुराणांतलं नाव हवं होतं, पण असं की जे गल्लीत कुणाच्या तोंडी नसेल. त्याचा हिशोब सरळ होता. नाव म्हणजे कुत्र्याची किल्ली. चोराला नाव कळलं की तो हाक मारणार आणि कुत्रं शेपूट हलवत जाणार. गल्लीपुरतं ‘ए’ म्हटलं तरी चालेल. खरं नाव घरातल्या दोघांना, आणि नाइलाज म्हणून मला.

मी ग्रीकांपासून सुरुवात केली. पाताळाच्या दारावर बसणारा तीन डोक्यांचा सर्बेरस. त्याने विचारलं, त्याला चुकवून कुणी आत गेलं का? खोटं बोलायची मला सवय नाही. म्हटलं, गेले की. एकाने गाणं म्हणून झोपवलं, एकीने मधाचा गोळा टाकला.

“तीन तोंडं म्हणजे तिप्पट लाच,” तो म्हणाला. सर्बेरस बाद झाला.

मग आपली सरमा सांगितली, देवांच्या चोरीला गेलेल्या गाई हुडकणारी कुत्री. पण एका कथेत ती चोरांकडचं दूध पिऊन आली आणि गाई दिसल्याच नाहीत म्हणाली, हेही सांगावं लागलं. घरभेदी म्हणून तीही बाद. शिवाय खाली बसलेला कुत्रा नर आहे, हे आम्हा दोघांच्या तेव्हा लक्षात आलं.

मला आता कंटाळा आला होता. शेवटची म्हणून आर्गसची गोष्ट सांगितली. राजा वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो, त्याला कुणी ओळखत नाही. उकिरड्यावर पडलेला त्याचा म्हातारा कुत्रा तेवढा ओळखतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो.

“बायकोने ओळखलं नाही?”

“नाही. तिने तर नंतर त्याची परीक्षा घेतली.”

“शहाणी बाई,” किल्लीवाला म्हणाला. नाव ठरलं.

अडचण अशी झाली की कुत्र्याला नाव लागेना. हा कानाशी कुजबुजायचा आणि आर्गस जांभई द्यायचा. थोड्याच दिवसांत किल्लीवाला पुन्हा वर आला. या खेपेला त्याने खिडकीबरोबर पडदाही ओढला. म्हणाला, बाई, हा कुत्रा सापडलेला नाही, घातलेला आहे. मशीन सुरू झालं की भलीभली कुत्री पळतात, हा मशीनला पाठ टेकून झोपतो. गिऱ्हाईक आलं की भुंकत नाही, उठून माझ्या पोटरीला नाक लावतो. हे त्याला शिकवलं कुणी? चोरच असलं जनावर तयार करून घरात घालतात. आणि बायकोला विचारलं तर ती भांडी घासायला बसते, घासलेली भांडी.

मलाही शंका होती, पण वेगळी. माझ्या कपाटाची किल्ली त्याने कापून दिली होती ती फिरेना. लावून बघितल्याशिवाय न देणारा माणूस. परत नेली, पुन्हा कापली, तरी फिरेना; शेवटी मूळ किल्लीसकट ती त्याच्याकडेच राहिली. हल्ली तो किल्लीचे दात डोळ्यांनी बघत नव्हता, अंगठ्याने चाचपत होता. विचारलं तर वसकन अंगावर आला. मी गप्प बसले, तो गप्प, बायको तर आधीच गप्प. एका इमारतीत तिघं एकमेकांवर नजर ठेवून.

शेवटी त्याने ठरवलं की कुत्रा मोकळा सोडायचा आणि मागे जायचं. जिथे जाऊन बसेल तिथे त्याचा मालक. आणि मालक हाती लागला की कुत्र्याला तिथेच सोडायचं. साक्षीदार म्हणून मी. निघताना बायकोने मला दारामागे ओढलं.

“रस्ता ओलांडताना हात धरा त्यांचा. कबूल करणार नाहीत, पण दिसत नाही त्यांना.”

कुत्रा रमतगमत नाही गेला. बाजारातून सरळ, मटणाच्या दुकानाकडेही न बघता, पुलाजवळच्या टपरीत शिरला आणि चालू मशीनला पाठ टेकून बसला. मशीन बंद झालं. धाकटा उठून उभा राहिला. थोरल्याला तो दिसला नसावा, पण मशीनचा आवाज ओळखीचा असणार. त्याच्या दुकानातलं जुनं मशीन तसंच कुरकुरतं.

“कुत्रा तुझा?”

“तुझ्यासाठीच पाळला, दादा.”

“माझ्या घरात कशाला घातलास?”

“वहिनी आली होती. म्हणाली, गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं तरी तुला कळत नाही. मला तू पायरी चढू देणार नाहीस. म्हटलं, हा तरी बसेल.”

“नाक लावायला शिकवलं कुणी?”

“मी. डोळे मिटून मशीनवर बसायचो. वहिनी गिऱ्हाईक व्हायची.”

आता थोरला म्हणणार, दोघांनी मिळून कट केला, आणि पाठ फिरवणार, अशी माझी खात्री होती. मी त्याचा कोपर घट्ट धरून ठेवला. त्याने तो सोडवून घेतला, खिशात हात घातला आणि माझ्या कपाटाची मूळ किल्ली आणि ती न फिरणारी, दोन्ही बाहेर काढल्या.

“ही बाईंची. दोनदा कापली, बसत नाही. तू बघ. मला दिसत नाही.”

धाकट्याने दोन्ही किल्ल्या एकावर एक धरल्या. मधला दात उंच राहिलाय, म्हणाला, आणि कानस चालवली. थोरला मान तिरकी करून ते घासणं ऐकत उभा होता. गिऱ्हाइकाकडे पाठ करायची, हे मात्र धाकटा विसरला नव्हता. माझ्याकडे पाठ करूनच त्याने काम उरकलं.

“नाव काय ठेवलंस त्याचं?” किल्ली देता देता त्याने विचारलं. “मी ठेवलंच नव्हतं. तुझ्याकडे यायचा होता ना.”

किल्लीवाल्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, काय दिसलं त्याचं त्यालाच ठाऊक. मग पुढे वाकून भावाच्या कानाला तोंड लावलं. कुत्र्याने मान वर केली.

परतताना कुत्रा किल्लीवाल्याच्या पोटरीला लागून चालत होता, आणि किल्लीवाल्याने स्वतःहून माझा हात धरला. वाटेत दरडावून म्हणाला, “बाई, आता चौघांना माहीत झालंय. फुटलं, तर पहिलं तुम्हालाच विचारणार.”